गीझर दुरुस्त करायचा की बदलायचा? आधी धूर कुठे जातो ते बघा

दिवाळीचा फराळ संपत येतो, पहाटेचा गारठा जाणवू लागतो आणि गीझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. उन्हाळा-पावसाळ्यात फारसा न वापरलेला गॅस गीझर पेटत नाही, पेटला तर मध्येच विझतो, नाहीतर पाणी कोमटच येते. मेकॅनिक येतो, झाकण उघडून बघतो आणि म्हणतो, “काकू, फक्त डायफ्रॅम गेलाय. बदलून देतो, दोन वर्षं बघायला नको.” घरात दुसरे मत असते: आठ वर्षे वापरला, आता नवाच घेऊ. मग हिशेब सुरू होतो. दुरुस्तीला किती, नव्याला किती, जुना देऊन काही सूट मिळते का, ऑनलाइन स्वस्त पडेल का.

हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गॅस गीझर हे बंद खोलीत जाळ पेटवणारे यंत्र आहे आणि त्या जाळाचा धूर कुठेतरी जावा लागतो. तो कुठे जातो, हा प्रश्न बहुतेक घरांत दुरुस्तीच्या वेळीही विचारला जात नाही आणि नव्या खरेदीच्या वेळीही नाही. त्यामुळे जुना गीझर निघतो, त्याच खिळ्यांवर, त्याच बंद बाथरूममध्ये नवा चढतो आणि धोका जिथल्या तिथे राहतो.

दर हिवाळ्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि इतर शहरांतून बाथरूममध्ये बेशुद्ध किंवा मृतावस्थेत सापडलेल्या माणसांच्या बातम्या येतात. हा केवळ थंडीचा विषय नाही. मार्च २०२३ मध्ये रंग खेळून आल्यावर आंघोळीला गेलेले दोन पती-पत्नी, एक मुंबईत घाटकोपरला आणि एक उत्तर प्रदेशात गाझियाबाद जिल्ह्यात, बाथरूममध्ये मृत आढळले. दोन्ही ठिकाणी प्राथमिक संशय गॅस गीझरवरच होता. रंग काढायला जास्त वेळ लागतो, गरम पाणी जास्त लागते आणि तेवढा वेळ गीझर सलग जळत राहतो.

‘गळती’ नव्हे, अपुरे ज्वलन

अशा बातम्यांत ‘गॅस गळतीने मृत्यू’ असे शब्द अनेकदा येतात. त्यामुळे वाचकाची समजूत अशी होते की सिलिंडर नीट बंद असला, पाइप नवा असला आणि वास येत नसला म्हणजे आपण सुरक्षित. प्रत्यक्षात या मृत्यूंमागचे नेहमीचे कारण गळती नसते. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन जातीचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. गळती झाली तर ते नाकाला कळते. बाथरूममध्ये जीव घेणारा वायू वेगळा आहे. तो सिलिंडरमध्ये नसतोच. तो जाळात तयार होतो.

गॅस पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, खोकला आणत नाही. आजीच्या काळातला तांब्याचा बंब अंगणात किंवा मागच्या पडवीत असायचा. लाकडाचा धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला व्हायचा. गॅस गीझरने तो धूरही घालवला आणि धुराने मिळणारी सूचनाही. बंद खोलीत रात्रभर ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीने माणसे दगावतात, तीही याच वायूने. तिथेही निखारे लालबुंद असतात आणि धूर दिसत नाही.

हवा किती लागते याचा अंदाज आला की बाथरूम अपुरे का पडते ते कळते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा घरगुती गॅस गीझर पाणी पंचवीस अंशांनी तापवत असेल, तर त्याचा जाळ सुमारे १२ किलोवॅटचा असतो. त्यासाठी तासाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. पाच फूट बाय सात फूट आणि आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच २८० घनफूट असते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीत गीझर खोलीतल्या हवेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वापरतो आणि तेवढाच धूर त्याच खोलीत सोडतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास प्राणवायू घेतो. हा गीझर मिनिटाला सुमारे ४० लिटर घेतो. दार लावलेल्या त्या खोलीत माणूस एकटा आंघोळ करत असतो, पण प्राणवायूच्या हिशेबाने तिथे शंभराहून अधिक माणसे असतात. एकापाठोपाठ एक आंघोळी होत असतील, तर तिसऱ्या माणसाच्या वाट्याला आधीच्या दोघांनी वापरलेली हवा येते.

गीझर अगदी नवा असला तरी हे गणित बदलत नाही. जुना झाला की त्यात भर पडते. तांब्याच्या हीट एक्स्चेंजरच्या पात्यांत काजळी आणि धूळ साचते, धुराला वर जायची वाट अरुंद होते, बर्नरच्या भोकांत गंज किंवा कोळ्याचे जाळे अडकते. मग पुरेशी हवा असतानाही जाळ नीट जळत नाही. निळी ज्योत पिवळी व्हायला लागणे ही त्याची दिसणारी खूण आहे.

शरीरात काय घडते

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून हवेत त्याचे प्रमाण हजारात एक भाग असले आणि माणूस पुरेसा वेळ त्या हवेत राहिला, तरी निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन निकामी होऊ शकते. उरलेले हिमोग्लोबिनही आपल्याकडचा प्राणवायू पेशींना सहजी सोडत नाही. सर्वांत आधी मेंदू आणि हृदयाला फटका बसतो.

सुरुवातीची लक्षणे साधी असतात: डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, पाय गळाल्यासारखे वाटणे. ‘पाणी फार गरम होते’, ‘उपाशीपोटी आंघोळ केली’, ‘बीपी कमी झाले असेल’ असे म्हणून ती सोडून दिली जातात. विषबाधा वाढली की विचार करण्याची आणि हालचालीची ताकद एकदमच जाते. म्हणून आत अडकलेल्या माणसाला कडीपर्यंत हात नेता येत नाही. काहींना थेट फिट येते. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. बाथरूममध्ये पहिल्यांदाच फिट आलेल्या तरुण माणसाला आंघोळीच्या पाण्याविषयी विचारले नाही, तर त्याला अपस्माराचा रुग्ण ठरवून औषधे सुरू होण्याचा धोका असतो. तो औषधे घेत राहतो आणि पुन्हा त्याच बाथरूममध्ये आंघोळ करत राहतो. हा प्रश्न नातेवाइकांनी सांगण्याचा आहे, तसाच डॉक्टरांनी विचारण्याचाही आहे.

करोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. या विषबाधेत तो फसवतो. साधा ऑक्सिमीटर प्राणवायू चिकटलेले आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही. माणूस गुदमरत असताना तो ९८ दाखवू शकतो. विषबाधा मोजायला रक्ताची को-ऑक्सिमेट्री नावाची तपासणी लागते आणि तीही वेळेत व्हावी लागते, कारण मोकळ्या हवेत आलेल्या माणसाच्या रक्तातला हा वायू दर चार-पाच तासांनी निम्मा होत जातो. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर निम्मा व्हायला तास-दीड तास लागतो. म्हणून तपासणीचा आकडा यायची वाट न बघता प्राणवायू सुरू करणे हाच पहिला उपचार आहे.

गर्भवतींनी विशेष जपायला हवे. बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आईपेक्षा अधिक धरून ठेवते. आई लवकर सावरली तरी बाळ धोक्यात असू शकते. हृदयविकार असलेले, पंडुरोग असलेले आणि लहान मुले यांनाही कमी मात्रेत त्रास होतो. रुग्ण शुद्धीवर येऊन घरी गेल्यावरही काहींना काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात फरक, स्वभावात बदल अशी लक्षणे दिसू लागतात. त्यामुळे ‘आता बरा आहे’ म्हणून पुढची तपासणी टाळू नये.

आधी जागा, मग यंत्र

हे सगळे समजून घेतल्यावर दुरुस्ती की बदल हा प्रश्न वेगळ्या क्रमाने सोडवावा लागतो. पहिला प्रश्न जागेचा. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल, तर दुरुस्तीही करू नये आणि त्याच जागी नवाही लावू नये. तो बाहेर न्यावा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणावा. बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी असते. ती उघडी असेल तर उत्तम. मात्र स्लायडिंग खिडक्या लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी ही खोलीच झालेली असते. जुन्या इमारतींत गीझर डक्टकडे तोंड करून बसवला जातो. तो डक्ट वरून मोकळा नसेल, तर खालच्या मजल्याचा धूर वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये खिडकीवाटे शिरतो. आपला धूर शेजाऱ्याच्या घरात जात नाही ना, हेही बघावे लागते.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दार घट्ट, खाली फट नाही आणि खिडकीला काच असेल, तर ताजी हवा येणार कुठून? उलट गीझरचा वर जाणारा धूरही पंखा खोलीतच ओढू शकतो. वर व्हेंटिलेटर आणि दाराच्या खालच्या भागात जाळी अशा दोन्ही वाटा हव्यात. हेही धोका कमी करणारे उपाय आहेत, गीझर आत ठेवण्याचा परवाना नव्हे. जागा बदलेपर्यंत एक तात्पुरता मार्ग आहे: दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला आत जावे.

जागा योग्य असेल तरच दुसरा प्रश्न, यंत्राचा. गॅस गीझरचे सगळे बिघाड सारखे नसतात. सेल संपणे, ठिणगी न पडणे, मायक्रो स्विच अडकणे, पाण्याच्या दाबावर चालणारा डायफ्रॅम फाटणे, पाणी येण्याच्या तोंडाची जाळी तुंबणे हे बिघाड दुरुस्तीचे आहेत. चार-पाच वर्षांच्या, चांगल्या अवस्थेतल्या गीझरसाठी ते कारण देऊन नवा घ्यायची गरज नाही. दुरुस्तीच्या वेळी बर्नर आणि हीट एक्स्चेंजर साफ करून घ्यावा. काम झाल्यावर मेकॅनिकसमोरच गीझर पेटवून ज्योत निळी आहे ना आणि नळ बंद करताच ती विझते ना, हे बघावे. गॅसचा रबरी पाइप आयएसआय खुणेचा असावा. गॅस कंपन्या असा सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायला सांगतात. शेगडीचा पाइप बदलताना गीझरचा विसरला जातो.

काही बिघाडांत मात्र दुरुस्ती करू नये. हीट एक्स्चेंजरला भोक पडून पाणी जाळावर ठिबकत असेल, तर डाग देऊन ते बुजवण्यात अर्थ नाही. बर्नर किंवा जाळाचा कप्पा गंजून पातळ झाला असेल, झाकणावर काजळीचे पट्टे उमटत असतील आणि साफसफाईनंतरही ज्योत पिवळीच राहत असेल, पेटताना दर वेळी भडका उडत असेल, तर तो गीझर उतरवावा. सर्वांत घातक दुरुस्ती म्हणजे ‘सेन्सर खराब होता, काढून डायरेक्ट केला’ ही. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी किंवा ठरावीक मिनिटांनी गीझर थांबवणारी सोय निकामी करून गीझर चालू करून देणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही. तसा केलेला गीझर वापरूच नये.

शहरांत पाइपचा गॅस येऊ लागल्यापासून आणखी एक प्रकार दिसतो. सिलिंडरमधला एलपीजी हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतो. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. दोघांचा दाब वेगळा, लागणारी हवा वेगळी आणि म्हणून बर्नरच्या जेटचे भोकही वेगळे. जुन्या गीझरचे भोक घरच्या घरी मोठे करून तो पाइपच्या गॅसवर चालवला तर तो पेटतो, पण नीट जळेल याची खात्री उरत नाही. कंपनीचा अधिकृत बदल उपलब्ध नसेल, तर इथे नवा घेणेच योग्य.

पैशाचा प्रश्न तिसरा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि गीझर सात-आठ वर्षे वापरलेला असेल तर बदलावा, हा व्यवहारातला ढोबळ नियम ठीक आहे. पण ‘वीज महाग, गॅस स्वस्त’ हे गृहीत धरून बसू नये. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला विजेचे सुमारे अर्धे युनिट किंवा ४५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण तीनशे बादल्या. आपल्या सिलिंडरच्या किमतीला तीनशेने भागावे आणि आपल्या वीजबिलातल्या युनिटच्या दराचे निम्मे करावे. दोन्हींतला फरक बादलीमागे किती निघतो ते प्रत्येकाला कळेल. गीझर बाहेर नेण्याची सोयच नसलेल्या घरात हा फरक देऊन विजेचा गीझर घेणे हा खर्चिक नव्हे, शहाणपणाचा निर्णय ठरतो. गच्ची सामाईक असलेल्या सोसायट्यांना सौर बंबाचाही विचार करता येतो.

विजेचा गीझर म्हणजे निर्धोक नव्हे

विजेच्या गीझरमध्ये धूर नाही, पण पाणी आणि वीज एका पेटीत असतात. इथेही दुरुस्त करण्यासारखे काय आणि न करण्यासारखे काय, हे ठरलेले आहे. पाणी तापवणारा एलिमेंट, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, जादा तापल्यास वीज तोडणारा कट-आउट हे भाग बदलता येतात. आतली टाकी गंजून गळू लागली, तर मात्र गीझरचे आयुष्य संपले. टाकीला गंजापासून वाचवण्यासाठी आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती झिजत राहते. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या भागात ही कांडी आणि एलिमेंटवरचा क्षाराचा थर ठरावीक काळाने बघून घेतला, तर टाकी बरीच वर्षे टिकते. बहुतेक घरांत ती कांडी असते हेच कुणाला ठाऊक नसते.

गीझर नवा घेतला तरी वायर जुनीच राहते, हीही नेहमीची चूक. दोन किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो, तीन किलोवॅटचा १३. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, त्या जाडीची वायर आणि खरोखर जमिनीपर्यंत गेलेले अर्थिंग हवे. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळणारी वीज माणसाच्या अंगातून जाऊ लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘थोडा करंट येतो, चालायचंच’ असे म्हणून चालत नाही. गीझर त्याच क्षणी बंद करावा. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याला बूच मारू नये. आतला दाब बाहेर पडण्याची ती वाट असते.

गीझर बिघडलेल्या आठवड्यात अनेक घरांत माळ्यावरचा हीटर रॉड खाली उतरतो. लोखंडी बादली, ओली फरशी आणि पाणी तापले का ते बघायला घातलेला हात, ही वेळ धोक्याची. रॉड वापरायचाच झाला तर प्लास्टिकची बादली घ्यावी, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. पाण्याचे भाजणेही विसरता कामा नये. साठ अंशांचे पाणी प्रौढाची कातडीही काही सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुले आणि वृद्धांची त्याहून लवकर. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला लावून द्यावा.

पैसे एकाचे, आंघोळ दुसऱ्याची

स्वतःच्या घरात हा निर्णय कुटुंब घेते. भाड्याच्या घरात निर्णय घेणारा आणि जोखीम उचलणारा वेगळे असतात. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेली मुले-मुली जुन्या फ्लॅटमध्ये चार-पाच जणांत राहतात. गीझर मालकाचा, बिघडला की फोन मालकाला. ‘दुरुस्त करून घ्या, भाड्यातून वजा करू’ असे उत्तर येते आणि सर्वांत स्वस्त मेकॅनिक बोलावला जातो. सकाळी सातला कॉलेज-ऑफिसच्या घाईत चौघांच्या आंघोळी एकापाठोपाठ होतात. बंद बाथरूमसाठी याहून वाईट वेळापत्रक नाही.

ब्रिटनमध्ये घरोघरी गॅसचे बॉयलर आहेत आणि तिथेही या वायूने माणसे मेली आहेत. त्यांनी त्यावर नियम केले. १९९८ च्या नियमांनुसार घर भाड्याने देणाऱ्याला गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून तिचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. खोलीतली हवा वापरणारे गॅसचे उपकरण बाथरूममध्ये बसवायला मनाई आहे. तिथे चालते ते फक्त बाहेरून हवा घेणारे आणि बाहेरच धूर सोडणारे बंदिस्त उपकरण. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या भाड्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणेही मालकाची जबाबदारी झाली. तिथल्या कायद्याने यंत्राइतकेच महत्त्व ते बसवण्याच्या जागेला आणि बसवणाऱ्या माणसाला दिले.

आपल्याकडे एलपीजीवरच्या घरगुती गीझरसाठी भारतीय मानक आहे आणि खरेदी करताना आयएसआय खूण बघायलाच हवी. पण खूण यंत्राला मिळते. ते यंत्र कुठल्या कोपऱ्यात टांगले, त्याला हवा मिळते का, हे बघायला नेमाने कुणी येत नाही. विक्रेता विकतो, मेकॅनिक बसवतो आणि पुढची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. ही साखळी बदलायला मोठा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. गृहनिर्माण संस्थांना दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एक साधी पाहणी करता येईल: किती घरांत गॅस गीझर बाथरूमच्या आत आहेत आणि कुणाचा धूर कोणत्या डक्टमध्ये जातो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात पंखे आणि ट्यूबलाइट मोजून लिहितात. तिथेच ‘गॅस गीझर बाथरूमबाहेर आहे आणि या वर्षी तपासलेला आहे’ हे एक वाक्य घालता येईल. विक्रेत्यांनी गीझर विकताना जागा कुठली आहे हे विचारावे आणि आतली असेल तर बसवायला नकार द्यावा, अशी सक्ती प्रशासनाला करता येईल.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भारतातही विकत मिळतो. गॅसची गळती ओळखणारा अलार्म वेगळा आणि हा वेगळा, एवढे घेताना बघावे. तो बाथरूमच्या वाफेत न लावता उत्पादकाच्या सूचनेनुसार बाहेर लावावा. अलार्म ही शेवटची राखण आहे. चुकीच्या जागेचा तो इलाज नाही.

प्रसंग आलाच तर

आंघोळीला गेलेल्या माणसाला हाक मारली, उत्तर नाही आणि आत पाण्याचा आवाज चालूच आहे, तर वाट बघू नये. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा गॅसचा कॉक बंद करावा. दार तोडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि माणसाला तिथेच शुद्धीवर आणायचा प्रयत्न न करता मोकळ्या हवेत बाहेर काढावे. मदत करणाऱ्याने स्वतः आत रेंगाळू नये. बाथरूममध्ये विजेचे उपकरण चालू असेल, तर माणसाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, तोंडात पाणी घालण्यात वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. घरात गॅसचा वास येत असेल तर तो गळतीचा प्रकार समजावा, विजेचे कोणतेही बटण चालू-बंद न करता बाहेर पडावे आणि एलपीजीसाठीच्या १९०६ या क्रमांकावर कळवावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर एक वाक्य न विसरता सांगावे: “बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.” डॉक्टरांना योग्य दिशा देणारी माहिती या वाक्याइतकी दुसरी नसते. त्याच वेळी त्या बाथरूममध्ये आधी आंघोळ करून गेलेल्यांपैकी कुणाचे डोके दुखते आहे का, हेही विचारावे. तेही तपासून घ्यावेत.

आता पुन्हा त्या मेकॅनिककडे. डायफ्रॅम गेला असेल तर तो जरूर बदलावा. चांगले यंत्र उगाच भंगारात घालू नये. पण त्याला झाकण लावू देण्याआधी त्याच्याबरोबर बाथरूमच्या दारात उभे राहून बघावे की हवा कुठून येते आणि धूर कुठून जातो. याचे उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या दिवशीचे खरे काम गीझर दुरुस्त करणे नसून तो त्या भिंतीवरून उतरवणे हे आहे. दुरुस्ती की नवा, हे त्यानंतर सावकाश ठरवता येईल.